कारखान्याची राखण : फाटकावरची आणि तारेवरची

शेताची राखण म्हणजे काय हें शेतकऱ्यास कोणीं शिकवावयास नको. कुंपणाला काटे, माळ्यावर राखणदार, खळ्यावर रात्रीचा मुक्काम आणि पेवाच्या तोंडावर माती, इतकें केलें म्हणजे पिकाचें रक्षण झालें असें आपले वाडवडील मानीत, व त्यांच्या काळीं तें बरोबरहि होतें. परंतु हल्लीं शेतांतला माल शेतांत थांबत नाहीं. ऊस साखर कारखान्यांत जातो, दूध संघाच्या शीतकरण केंद्रांत जातें, कापूस जिनिंगमध्यें जातो. आणि ह्या ठिकाणीं यंत्रावर असलेला हात पुष्कळ अंशीं माणसाचा राहिलेला नसून संगणकाचा झाला आहे. बॉयलरमधील वाफेचा दाब, टर्बाइनचा वेग, गव्हाणींतून पुढें सरकणाऱ्या उसाची चाल, हें सर्व आतां एका थंड खोलींत बसून पडद्यावर पाहतात व तेथूनच कमीजास्त करतात. वजनकांट्यावरचा आंकडासुद्धां कित्येक ठिकाणीं कारकुनाच्या लेखणीस न शिवतां परस्पर हिशेबांत जाऊन बसतो. तेव्हां ज्या कारखान्याचे आपण भागीदार आहों त्याची राखण कशी होते, हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत अस्थानीं आहे असें कोणीं समजूं नये.

साधारण कारखान्यांत राखणीचीं खातीं दोन. फाटकावरचें खातें बहुधा सैन्यांतून किंवा पोलिसांतून निवृत्त झालेल्या गृहस्थाकडे असतें. गाड्यांची नोंद, कामगारांचे बिल्ले, भिंतीवरची काटेरी तार, रात्रीच्या फेऱ्या, हें त्याचें काम. दुसरें खातें संगणकाचें. तेथें तरुण पदवीधर बसतात, आणि पासवर्ड, इंटरनेटच्या वाटेवरची चौकी, विषाणूंचा बंदोबस्त हें त्यांचें काम. पहिला दुसऱ्याची भाषा जाणत नाहीं व दुसरा पहिल्यास हिशेबांत धरीत नाहीं. वर्षांतून एकदां सत्यनारायणाच्या पूजेस दोघांची गांठ पडली तर पडली. चोरास मात्र हीं दोन खातीं वेगळीं आहेत ह्याची दिक्कत नसते. फाटकांतून शिरून तारेवर काम करावें, किंवा तारेंतून शिरून फाटक मोकळें करावें, त्यास दोन्ही सारखेंच.

ह्याचें फार बोलकें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत, मरूची ह्या भागांत, सन २००० मध्यें घडलें. तें कारखान्याचें नव्हे, सांडपाण्याच्या व्यवस्थेचें आहे. पण पंप, झडपा व त्यांना हुकूम देणारे संगणक दोन्हीकडे सारखेच असल्यामुळें आम्ही तें विस्तारानें देतों. तेथें सांडपाणी उपसणारीं १४२ पंपगृहें होतीं व प्रत्येकांतील यंत्रास रेडिओच्या लहरींनीं हुकूम जात असत. ही व्यवस्था एका कंत्राटदार कंपनीनें बसविली होती. त्या कंपनींतील एका इसमानें नोकरी सोडली, स्थानिक नगरसंस्थेकडे नोकरी मागितली, ती मिळाली नाहीं. त्यानंतर पंपगृहांत विचित्र प्रकार सुरू झाले. पंप चालावयाचे तेव्हां बंद पडूं लागले, धोक्याच्या सूचना मुख्य कचेरींत पोंचेनात. अभियंत्यांनीं प्रथम यंत्रांतच दोष आहे असें समजून यंत्रें तपासलीं, प्रणाली पुन्हां बसविली, तरी गुण येईना. ह्या प्रकारांत सुमारें ८ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत व एका मोठ्या हॉटेलाच्या आवारांत पसरलें. ओढ्याचें पाणी काळें पडून जलचर मेले व दुर्गंधीमुळें आसपासच्या लोकांस राहणें कठीण झालें. शेवटीं तारीख २३ एप्रिल २००० रोजीं पोलिसांनीं एक मोटार अडविली, तिच्यांत तो इसम, एक लॅपटॉप आणि पंपगृहांशीं बोलूं शकणारा रेडिओ सांपडला. पुढील वर्षीं त्यास दोन वर्षांची कैद झाली.

येथें भिंत कोणीं ओलांडली नाहीं आणि इंटरनेटमधूनहि कोणी आला नाहीं. माहितगार माणूस कामावरून गेला, परंतु त्याच्या माहितीनें जें दार उघडत होतें तें तसेंच राहिलें. महसूल खात्यांत एक जुनी रीत आहे कीं बदली झालेला कारकून चार्ज दिल्यावांचून हलूं शकत नाहीं. दप्तरें किती, शिक्के किती, किल्ल्या किती, ह्याची यादी होऊन देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्या व्हावयाच्या. ह्या रीतीस आम्हीं तरुणपणीं पुष्कळ नांवें ठेविलीं आहेत. पण आज ती यादी कारखान्यांनीं उचलावी व तींत आणखी चार रकाने घालावे असें आमचें मत आहे : लॅपटॉप, सिमकार्ड, दूरवरून आंत शिरण्याचा परवाना आणि पासवर्ड. बिल्ला फाटकावर परत घेतला आणि पासवर्ड चालू ठेविला, तर माणूस नोकरींतून गेला असें म्हणतां येत नाहीं. तो फक्त दिसेनासा झाला.

दुसरा समज असा कीं, यंत्राचा संगणक इंटरनेटला जोडलाच नाहीं म्हणजे भीति संपली. इराणांतील नातांझ येथें युरेनियम शुद्ध करण्याचा कारखाना जमिनीच्या पोटांत, लष्करी पहाऱ्यांत, बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवलेला होता. तरी स्टक्सनेट नांवाचा विषाणू तेथें पोंचला. पेनड्राइव्हवरून पसरण्याची करामत त्याच्या अंगीं होती. सन २०१० मध्यें तो उघडकीस आला. त्यानें फिरत्या नळकांड्यांचा वेग मध्येंच वाढवावा, मध्येंच उतरवावा, आणि पडद्यावर मात्र आधीं नोंदवून ठेवलेले सुरळीत आंकडेच पुन्हां पुन्हां दाखवावे, अशी त्याची योजना होती. सुमारें १,००० नळकांडीं बदलावीं लागलीं असा अंदाज आहे. खिशांत मावणारी वस्तु एवढ्या पहाऱ्यांतून पार गेली. आमच्याकडे आसवनीच्या फाटकावर पहारेकरी काडेपेटी व विडी काढून ठेवावयास सांगतो, आणि तें योग्यच आहे, कारण आंत मद्यार्क आहे. पण बाहेरगांवचा दुरुस्तीवाला आपली यंत्र-पेटी, लॅपटॉप व दोन पेनड्राइव्ह घेऊन थेट नियंत्रण-खोलींत जातो, त्याची नोंद बहुधा ‘सामान’ ह्या एका शब्दांत होते.

आतां जें उदाहरण सांगावयाचें तें आमच्या मतें सर्वांत अधिक विचार करण्यासारखें आहे. सन २०१७ मध्यें सौदी अरेबियांतील एक खनिज-तेलाचीं रसायनें करणारा कारखाना जून व ऑगस्ट अशा दोन महिन्यांत दोनदां आपोआप बंद पडला. अशा कारखान्यांत नेहमींच्या नियंत्रणाहून निराळी एक संरक्षक यंत्रणा असते. दाब किंवा उष्णता हाताबाहेर गेली, विषारी वायु सुटण्याचा संभव दिसला, कीं कोणास न विचारतां सर्व काम थांबविणें एवढेंच तिचें कर्तव्य. आपल्या बॉयलरवरील सुरक्षा-झडप तीच गोष्ट करते, म्हणून तिची कल्पना वाचकांस सहज येईल. शत्रूनें तारेवरून येऊन ह्या शेवटच्या पहारेकऱ्यासच फितूर करण्याचा प्रयत्न केला होता. त्याच्या कामांत चूक राहिली, संरक्षक यंत्रणेस संशय आला व तिनें कारखाना बंद केला. चूक राहिली नसती तर पुढच्या खऱ्या संकटाच्या वेळीं ती झडप उघडली नसती, आणि कामगारांचे प्राण गेले असते.

ह्या यंत्रणेच्या पेटीवर एक साधें किल्लीचें कुलूप असतें. किल्ली ‘चालू’ खुणेवर फिरवून काढून घेतली म्हणजे आंतला कार्यक्रम तारेवरून कोणास बदलतां येत नाहीं. ‘बदल’ खुणेवर ठेवली म्हणजे येतो. त्या कारखान्यांत किल्ली ‘बदल’ ह्या खुणेवरच राहिली होती. म्हणजे सातासमुद्रांपलीकडून संगणकाच्या विद्येनें केलेला हल्ला एका पितळी किल्लीनें अडला असता! किल्ली संभाळणें हें पदवीधराचें काम नव्हे, फाटकवाल्याचेंहि नव्हे, असें दोघांसहि वाटत असावें. तालुक्याच्या खजिन्यास दोन कुलुपें व त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या इसमांकडे, आणि बाहेर हत्यारबंद पहारा, ही व्यवस्था इंग्रजी अमलापासून चालत आली आहे. पहारेकऱ्याजवळ किल्ली नाहीं, किल्लीवाल्याजवळ बंदूक नाहीं. हीच शिस्त कारखान्याच्या किल्लीस लावावयास कांहीं खर्च लागत नाहीं. किल्ली कोणीं, केव्हां, कशासाठीं घेतली व केव्हां परत केली एवढें एक बुक पुरे.

उलट प्रकारहि तितकाच खरा आहे. पहारेकऱ्याचीं साधनें हींच आतां संगणक बनलीं आहेत. भिंतीवरचा कॅमेरा, बिल्ला ओळखणारें दार, हजेरीचें बोटाच्या ठशाचें यंत्र, हीं सर्व तारेस जोडलेलीं. सन २०१६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. तो हल्ला ज्या यंत्रांनीं केला त्यांत घरोघरचे व दुकानांतले कॅमेरेच पुष्कळ होते, कारण विकत घेतल्या दिवशीं कंपनीनें घालून दिलेला पासवर्ड मालकांनीं कधीं बदललाच नव्हता. सन २०२१ च्या मार्चमध्यें व्हर्काडा नांवाच्या कंपनीचे सुमारें दीड लाख कॅमेरे परक्यांच्या नजरेस पडले; त्यांत टेस्ला ह्या मोटार-कंपनीच्या आवारांतलेहि होते. राखणदाराचेच डोळे चोरानें वापरावे, असा हा मामला. तेव्हां कॅमेऱ्यांची खरेदी सुरक्षा-अधिकाऱ्यानें एकट्यानें करूं नये, आणि संगणकवाल्यानें ‘तें फाटकाचें काम’ म्हणून हात झटकूं नये.

कोणी म्हणेल, हीं राष्ट्रांच्या वैराचीं कारणें. आमच्या ऊस-दुधाशीं कोणाचें काय वैर? वैर लागत नाहीं, पैसा पुरतो. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत न्यू कोऑपरेटिव्ह नांवाची धान्य खरेदी करणारी शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. सन २०२१ च्या सप्टेंबरांत, ऐन सुगीच्या तोंडावर, खंडणीखोरांनीं तिचे संगणक कुलूपबंद केले व ५९ लाख डॉलर मागितले. त्याच आठवड्याच्या आसपास मिनेसोटा प्रांतांतील क्रिस्टल व्हॅली ह्या दुसऱ्या सहकारी संस्थेवर तसाच घाला आला. पुढें एप्रिल २०२२ मध्यें तेथील संघीय तपास-खात्यानें इशारा दिला कीं, २०२१ च्या सुगींत सहा धान्य-संस्थांवर व २०२२ च्या आरंभीं आणखी दोहोंवर हल्ले झाले, आणि पेरणी व काढणी हे मोसम हे लोक मुद्दाम साधतात. ह्याचें कारण उघड आहे. पीक थांबत नाहीं, म्हणून संस्था लवकर वांकते. तोडलेला ऊस वाळत चालला आहे, गाड्यांची रांग मैलभर लागली आहे आणि कांटा बंद आहे, अशा वेळीं संचालक मंडळाची काय अवस्था होईल ती वाचकांनींच मनांत आणावी. त्याच वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस जेबीएस ह्या मांस-उद्योगाचे अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियांतील कारखाने अडकले व कंपनीनें १ कोटि १० लाख डॉलर मोजले.

हें वारें आपल्या किनाऱ्यावरहि येऊन गेलें आहे. तारीख २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमध्यें सुटलेला नॉटपेट्या नांवाचा विषाणू मर्स्क ह्या जहाज-कंपनीच्या जाळ्यांतून जगभर पसरला आणि ज्या न्हावा-शेवा बंदरांतून नाशिकचीं द्राक्षें व कांदा परदेशीं जातो तेथील त्या कंपनीच्या धक्क्याचें काम ठप्प झालें. त्या कंपनीची सर्व संगणक-वही नष्ट झाली असतां एक प्रत मात्र आफ्रिकेंतील घाना येथील कचेरींत शाबूत मिळाली. कारण त्या वेळीं तेथें वीज गेली होती! ती प्रत माणसाच्या हातीं देऊन विमानानें इंग्लंडास पोंचवावी लागली. आमच्या खेड्यांतील वीजमंडळास हें वाचून समाधान वाटेल. पण प्रत जाळ्यापासून तोडून, कुलपांत, निराळ्या इमारतींत ठेवावी हा बोध दैवावर न सोडलेला बरा. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून ऑगस्ट २०१८ मध्यें ९४ कोटि रुपये गेले तेव्हांहि एक हात संगणकांत होता व दुसरा हात अनेक देशांतील पैसे-यंत्रांपुढें बनावट कार्डें घेऊन उभा होता.

संकटांत कसें वागावें ह्याचा चांगला धडा नॉर्वेंतील नॉर्स्क हायड्रो ह्या ॲल्युमिनिअमच्या कंपनीनें घालून दिला. सुमारें ३५,००० नोकरांच्या ह्या कंपनीवर तारीख १९ मार्च २०१९ रोजीं घाला आला. सकाळीं कामगार आले तों दारावर कागद चिकटविलेला : संगणक जाळ्यास जोडूं नका. म्हणजे तारेवरील संकटाची बातमी फाटकावरून दिली गेली, व ती ऐकली गेली, कारण फाटकावर माणूस होता. कंपनीनें खंडणी दिली नाहीं. यंत्रें शक्य तेथें हातानें चालविलीं, मागण्यांच्या याद्या कागदावर काढल्या, आणि जुनी पद्धत माहीत असलेले निवृत्त कामगार मदतीस आले. कोट्यवधि क्रोनरचें नुकसान झालें, तरी भट्ट्या थंड पडूं दिल्या नाहींत. आम्हां पेन्शनरांस ही हकीकत विशेष आवडली हें लपवीत नाहीं. आमच्या कारखान्यांत हातानें वजन लिहिण्याचें पावती-बुक शिल्लक आहे काय, व तें लिहूं शकणारा मनुष्य आहे काय, हें एकदां पाहून ठेवावें. हंगामांतून एक दिवस, ठरवून, चार तास कांटा कागदावर चालवून पाहिला तर कोणाचें नुकसान होणार नाहीं.

करावयाचें काय, ह्याबद्दल फार बोलण्याचें कारण नाहीं. मुख्य गोष्ट एक कीं दोन्ही खात्यांवर कार्यकारी संचालकास जबाबदार असा एकच मनुष्य हवा, व दोन्ही खात्यांचीं नोंदबुकें त्याच्या मेजावर शेजारीं शेजारीं पडावीं. रात्रीं दोन वाजतां ज्या नांवानें नियंत्रण-खोलींतला संगणक उघडला गेला, त्या नांवाचा बिल्ला त्या रात्रीं फाटकांतून आंत आलाच नव्हता, ही विसंगति दोन बुकें वेगळ्या कपाटांत असतां कोणास कळणार? कचेरीच्या हिशेबाचें जाळें व यंत्राचें जाळें यांच्यामध्यें बांध घालावा. ज्या कंपनीनें यंत्र पुरविलें ती दूरवरून दुरुस्ती करण्यासाठीं वाट मागते. ती द्यावी, पण पाटाच्या पाण्याप्रमाणें पाळीनें द्यावी, पाळी संपली कीं दार पाडावें. बारा महिने उघडें दार ठेवणाऱ्यास पाणी कोठें गेलें हें विचारण्याचा हक्क राहत नाहीं.

हंगामी कामगारांकडे सरसकट संशयानें पाहण्याची एक घातक प्रवृत्ति अशा वेळीं वाढते, तिजविरुद्ध दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. सन २०२० मध्यें अमेरिकेंतील नेवाडा प्रांतांत टेस्ला कंपनीच्या कारखान्यांतील एका कामगारास परदेशाहून आलेल्या इसमानें १० लाख डॉलर देऊं केले. मोबदल्यांत कंपनीच्या जाळ्यांत विषाणू सोडावयाचा. कामगारानें वरिष्ठांस सांगितलें, पोलिसांच्या सल्ल्यानें बोलणीं चालू ठेवलीं, आणि तो इसम ऑगस्टमध्यें पकडला गेला. कोणताहि कॅमेरा हें काम करूं शकला नसता. ज्याचा पगार तीन-तीन महिने थकला आहे, ज्यास वरिष्ठ नांवानें हांक मारीत नाहींत, तो असा निरोप घेऊन येईल काय, हा प्रश्न संचालकांनीं कमान व कारंजें यांवर खर्च मंजूर करण्यापूर्वी मनाशीं विचारावा.

कायद्याची बाजूहि सभासदांस ठाऊक असावी. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ ह्या संस्थेनें तारीख २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांप्रमाणें असा हल्ला ध्यानांत आल्यापासून सहा तासांच्या आंत तिला कळविणें बंधनकारक आहे. पैशाची फसवणूक असेल तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. सहा तास म्हणजे रात्रपाळीहून कमी. रात्रपाळींत कारखान्यांत फाटकावरचा पहारेकरी व बॉयलरवरचा माणूस असतो, संगणकवाला घरीं निजलेला असतो. प्रथम विपरीत दिसेल तें त्या दोघांस दिसेल. त्यांनीं कोणास उठवावें, कोणता खटका पाडावा, कोणत्या यंत्रास हात लावूं नये, हें मराठींत, मोठ्या अक्षरांत, दोघांच्या भिंतीवर लिहिलेलें आहे काय, हा प्रश्न सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेंत, अहवाल-ताळेबंदाच्या आधीं नाहीं तर नंतर, पण बॉयलर पेटण्यापूर्वी, कोणी तरी उभें राहून विचारावा.